पंधरा किलोचा डबा

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना वाटेत घोडेगाव लागते. तेथून आत वळले की थोड्याच अंतरावर शनिशिंगणापूर. या रस्त्यावर आमचे किराणा व तेलाचे दुकान आहे. शनिदेवाची सुमारे साडेपाच फूट उंचीची शिळा उघड्या चौथऱ्यावर, छपराविना उभी आहे आणि भाविक तिच्यावर तेल वाहतात. साहजिकच शनी अमावास्या जवळ आली की आमच्या दुकानात तेलाच्या डब्यांची थप्पी छतापर्यंत जाते. एका डब्यात पंधरा किलो तेल. लग्न होऊन या घरी आल्यापासून मी हे डबे मोजत आले, वहीत मांडत आले. उचलले मात्र कधीच नाहीत. ते काम हमालांचे, असे आपल्या घरांतून न बोलताच ठरलेले असते.

चार वर्षांपूर्वी अशाच एका अमावास्येच्या आदल्या दिवशी माल घेऊन टेम्पो आला. हमाल जेवायला गेलेले, यजमान वसुलीसाठी नगरला गेलेले आणि टेम्पोचालकाला परतायची घाई. एक डबा वाटेतच ठेवलेला होता, तो बाजूला सारावा म्हणून मी वाकले आणि उचलला. कमरेतून वीज जावी तसे झाले. डबा हातातून निसटला, झाकण उडाले आणि तेल ओट्यापर्यंत वाहत गेले. त्या वेळी माझे वय होते ५२.

पुढचे अकरा दिवस मी अंथरुणावर होते. क्ष-किरण तपासणीत मणके ठीक निघाले. डॉक्टर म्हणाले, "पाठीत दोष काही नाही, बळ नाही." औषधे त्यांनी थोडी दिली, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण 'बळ नाही' म्हणजे पुढे काय होते, हे मी घरातच पाहिले होते.

माझ्या सासूबाईंनी वर्षीतप केलेला होता. पहाटेचे सामायिक त्यांनी कधी चुकवले नाही. जमिनीवर आसन घालून पूर्ण ४८ मिनिटे त्या ताठ बसत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरून त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हाडही जुळले. पण त्यानंतर त्या जमिनीवर बसू शकल्या नाहीत. बसल्या तर उठता येत नसे. शेवटची सहा वर्षे त्यांनी सामायिक खुर्चीवर बसून केले. आसनाची घडी कपाटात गेली ती गेलीच. त्याबद्दल त्या तक्रार करीत नसत, परंतु स्थानकात साध्वीजींना वंदना करताना इतर बायका खाली वाकत आणि त्या खुर्चीवरूनच हात जोडत, तेव्हा त्यांचा चेहरा मला पाहवत नसे.

अंथरुणावर पडल्या पडल्या मुलीने मोबाईलवर एक बातमी दाखवली. ती पुण्याच्या भावना टोकेकर यांची होती. वायुदलातील लढाऊ वैमानिकाची पत्नी, दोन मुलांची आई, गृहिणी. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांचा वजनांशी काही संबंध नव्हता. त्वचेच्या विकारावरील औषधांचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून त्या व्यायामशाळेत जाऊ लागल्या. बाईने जड वजने उचलली की तिचे शरीर पुरुषी होते, हा सर्वांना असतो तो समज त्यांनाही होता. वायुदलातील खेळाडूंच्या सहवासात तो गळून पडला. जुलै २०१९ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्क येथे पॉवरलिफ्टिंगची खुली आशियाई स्पर्धा झाली. तेथे आपल्या वयोगटात आणि ६७.५ किलो वजनगटात त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली. तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या.

मला पदकांचे फारसे काही वाटले नाही, खरे सांगते. मला नवल वाटले ते एक्केचाळीस या आकड्याचे. आपल्याकडे चाळिशीनंतर बाईने काही नवे सुरू करायचे तर ते तप असते, भजनी मंडळ असते, फार तर पापड-लोणच्याचा गृहउद्योग असतो. लोखंड उचलणे या यादीत कुठेच बसत नाही.

या खेळाची थोडी ओळख करून देते, कारण आपल्या बहुतेक घरांत तो ठाऊक नसेल. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच प्रकार असतात. खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन खाली बसून उठणे हा पहिला, त्याला स्क्वॉट म्हणतात. बाकावर उताणे झोपून दांडा छातीपर्यंत आणून वर ढकलणे हा बेंच प्रेस. आणि जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभे राहणे हा डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात. तीन पंच असतात. तिघांपैकी दोघांनी पांढरा दिवा लावला की उचल मान्य होते. ऑलिंपिकमधल्या भारोत्तोलनात दांडा झटक्यात डोक्यावर न्यावा लागतो; त्याला लागणारी चपळाई उतारवयात नव्याने येणे अवघड. येथे मात्र हालचाल सावकाश आणि सरळ असते. म्हणूनच उशिरा सुरुवात करणाऱ्यांना हा खेळ जमतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने चाळिशीपासून दहा-दहा वर्षांचे वयोगट केलेले आहेत आणि सत्तरीच्या पुढच्यांसाठीही एक गट आहे. तमिळनाडूतील पोल्लाचीच्या किट्टम्माळ या आजींनी वयाच्या ८२ व्या वर्षी, २०२४ साली, एका स्पर्धेत ५० किलोंचा डेडलिफ्ट केला. त्यांना हा नाद नातवांनी लावला.

महाराष्ट्राला बळाचे कौतुक नवे नाही. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा ४२ किलोंचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची स्पर्धा होते आणि ती पाहायला गड भरून जातो. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरीची कुस्ती आपल्याच अहिल्यानगरात झाली, तेव्हा आमच्या रस्त्यावरची निम्मी पोरे तिकडे होती. पण हे सारे तरण्यांचे आणि पुरुषांचे. आपला व्यापारी समाज अशा वेळी देणगी देतो आणि पुढच्या रांगेत बसतो.

मी बरी झाल्यावर जवळच्या गावातील एका व्यायामशाळेत गेले. पत्र्याचे छप्पर, भिंतीवर हनुमानाची तसबीर आणि आत सगळी विशी-पंचविशीची मुले. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाहून लहान. त्याने आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, रक्तदाब विचारला आणि मगच आत घेतले. हे फार महत्त्वाचे आहे. जड वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो आणि त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून दांड्याला हात लावू नये.

पहिले तीन आठवडे त्याने मला वजन दिलेच नाही. हातात एक लाकडी काठी दिली आणि वाकायला शिकवले. "काकू, कमरेतून नाही, खुब्यातून वाका. पाठ सरळ. डबा उचलताना तुम्ही इथेच चुकलात." पन्नास वर्षे मी वाकत होते, केर काढला, पोळ्या लाटल्या, पाया पडले, आणि मला वाकता येत नव्हते! मग दहा किलो, मग नुसता दांडा. नुसता दांडाच वीस किलोंचा असतो. तो पहिल्यांदा जमिनीवरून उचलला त्या दिवशी घरी येऊन मी कोणाला काही बोलले नाही, पण मनातल्या मनात हिशेब केला: डब्यापेक्षा पाच किलो जास्त.

घरी विरोध झाला नाही असे नाही. यजमान म्हणाले, "लोक काय म्हणतील?" ज्या गावचा चौथरा २०१६ च्या गुढीपाडव्याला स्त्रियांसाठी खुला झाला, त्या गावाच्या वाटेवर राहणारी एक प्रौढ बाई लोखंड उचलायला जाते म्हटल्यावर लोक वळून बघणारच. थोरल्या जाऊबाईंचा आक्षेप अधिक गंभीर होता. "देहाचे इतके लाड कशाला? तो तर इथेच राहायचा आहे." या प्रश्नाला थट्टेवारी नेणे मला पटले नाही. मी बरेच दिवस त्यावर विचार केला.

आपल्या धर्मात पाच आचार सांगितले आहेत: ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार, तपाचार आणि वीर्याचार. पहिल्या चारांची चर्चा प्रवचनांतून पुष्कळ होते. पाचव्याची कमी होते. वीर्याचार म्हणजे अंगात असलेली शक्ती न लपवता धर्मकार्यात लावणे. शक्ती असूनही आळसाने बसून प्रतिक्रमण करणे हा अतिचार मानला आहे आणि त्याची आलोचना करावी लागते. मला प्रश्न पडला तो असा, की शक्ती राखता येणे शक्य असताना ती हातची जाऊ दिली, तर तो कोणत्या खात्यात मांडायचा? कर्मग्रंथांत शरीराच्या बांधणीचे, म्हणजे संहननाचे, सहा प्रकार आहेत. वज्रऋषभनाराच हे सर्वांत भक्कम. त्यात हाडे एकमेकांत गुंतून वर पट्टा आणि खिळा मारल्यासारखी पक्की असतात. सेवार्त हे शेवटचे. त्यात हाडे एकमेकांना नुसती टेकलेली असतात. आपल्या काळच्या वाट्याला हीन संहनन आले आहे असे थोर मंडळी सांगतात. बांधणी हीन असेल तर तिची निगा अधिक राखायला हवी, एवढाच त्यातून मी माझ्यापुरता अर्थ काढला. शास्त्राच्या जाणकारांना तो तोकडा वाटल्यास त्यांनी क्षमा करावी. जाऊबाईंना तो अजूनही पूर्ण पटलेला नाही.

वैद्यकशास्त्र याबाबत काय म्हणते तेही पाहिले. वयोमानाने स्नायू झिजण्याला सार्कोपेनिया असे नाव आहे. ते १९८९ साली अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवले. म्हणजे जे हजारो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते त्याला नाव मिळायलाच विसावे शतक संपत आले. लगेच पुढच्या वर्षी मारिया फियातारोन यांनी बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांनी हातातली काठी बाजूला ठेवली. नव्वदीत स्नायू वाढतात हे वाचल्यावर बावन्नावे वर्ष मला एकदम कोवळे वाटू लागले.

स्त्रियांच्या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता घटलेल्या १०१ स्त्रियांना त्यात घेतले होते. त्यातील एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली खरोखर जड वजने उचलायला लावली. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली होती. आपल्या घरांतून कॅल्शियमच्या गोळ्यांचे डबे असतात आणि सकाळी फिरायला जाणेही असते. दोन्ही चांगलेच आहे. पण हाड भार ओळखते, आणि चालण्यात तो भार फार थोडा पडतो.

आता आहाराचा प्रश्न, कारण मला सर्वांत जास्त विचारला जातो तो हाच. "अंडी खावी लागतात का?" नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत; व्यायाम करणाऱ्या वयस्कांनी एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत जावे असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांची गोष्ट निराळी, त्यांनी डॉक्टरांनाच विचारावे. माझे वजन ६२ किलो, म्हणजे मला साठ-सत्तर ग्रॅम हवीत. मी आठवडाभर वहीत मांडून पाहिले, तेव्हा माझ्या पोटात जेमतेम पस्तीस जात होती. ताट भरलेले असे, पण भात, पोळी, शेव आणि मिठाईने. शंभर ग्रॅम कोरड्या मुगाच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच पनीरमध्ये सुमारे १८. मग सकाळी मुगाचे धिरडे, दुपारी दाट वरण आणि वाटीभर हरभरे किंवा मटकी, सायंकाळी सूर्यास्तापूर्वी पनीर किंवा दूध आणि मूठभर शेंगदाणे, अशी मांडणी केली. द्विदल टाळायचे म्हणून दही आणि डाळ एका जेवणात येणार नाही हे पाहावे लागते, एवढीच काय ती कसरत. चौविहार सांभाळणाऱ्यांनी व्यायाम सकाळी, नवकारसीनंतर करावा; संध्याकाळी घाम गाळून रात्रभर पाण्यावाचून राहणे अंगाला बरे नाही. पर्युषणात मी वजने निम्मी करते आणि उपवासाच्या दिवशी व्यायामशाळेत पाऊल टाकत नाही.

प्रथिनांच्या भुकट्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना. व्हे नावाची भुकटी दुधापासूनच होते, म्हणून ती आपल्याला चालते असे मुले म्हणतात. परंतु व्हे म्हणजे चीज करताना उरणारे पाणी, आणि दूध फाडण्यासाठी वापरले जाणारे रेनेट काही कारखान्यांत वासराच्या जठरातून घेतात, काही ठिकाणी ते सूक्ष्मजीवांपासून बनवतात. डब्यावर हे नेहमी लिहिलेले नसते. कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे असते. घरात मुले अशा वस्तू आणत असतील तर कंपनीला लेखी विचारावे. मी विचारले, उत्तर आले नाही, मी हरभऱ्यावरच राहिले.

तिसऱ्या वर्षी, वयाच्या ५५ व्या वर्षी, मी एका लहानशा स्थानिक स्पर्धेत उतरले. यात अंगासरशी पोशाख घालावा लागतो. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी आत लांब बाह्यांचा सदरा आणि पूर्ण विजार घालायला आयोजकांनी हरकत घेतली नाही आणि यजमान सोबत आले. माझ्या वयोगटात आम्ही दोघीच होतो, त्यामुळे दुसरा क्रमांक आला हे सांगण्यात काही अर्थ नाही. डेडलिफ्टमध्ये पहिल्यांदा ५० किलो उचलले, दुसऱ्यांदा ६०. तिन्ही दिवे पांढरे. तिसऱ्या वेळी साडेसदुसष्ट लावले. दांडा घोट्याच्या वर आला आणि तेथेच थांबला. मी सोडून दिला.

खाली आले तेव्हा यजमान बोटांवर काहीतरी मोजत होते. म्हणाले, "साठ म्हणजे चार डबे झाले. शेवटी अर्धा डबा जास्त लावलास." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी केलेले हे बहुधा सर्वांत मोठे कौतुक असावे. पुढच्या महिन्यापासून तेही येऊ लागले. गादीवर बसून बसून त्यांचे खुबे इतके आखडले आहेत की मुलगा त्यांना अजून काठीच देतो.

ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो यांची एक साधी चाचणी आहे. २०१२ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ जणांवर करून पाहिलेली होती. उभे राहायचे, आधार न घेता जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि तसेच उठायचे. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की दर खेपेस एक गुण जातो, तोल गेला की अर्धा. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. ज्या समाजाची सामायिक, प्रतिक्रमण, वंदना सारी जमिनीवर होते, त्याला ही परीक्षा नव्याने सांगायला नको. स्थानकात खुर्च्यांची रांग दर चातुर्मासात लांबत चालली आहे आणि तीवर बसणारे सगळेच काही ऐंशीचे नसतात.

व्यायामशाळेत जाण्याआधी मी ही चाचणी केली होती, तेव्हा सहा गुण मिळाले होते. गेल्या वर्षी कपाटातून सासूबाईंचे आसन काढले, ऊन दाखवले आणि आता रोज त्यावरच बसते. सामायिक पारून उठताना हात टेकत नाही. साडेनऊ होतात, अर्धा गुण डाव्या गुडघ्यापायी जातो.